ठकूनं आतून मारलेल्या तीन गाठी

ऐका. आणि मध्ये कुणी खोकायचं नाही.

दिवे लागून गेले होते. धामणदऱ्याची ठकू हातात बॅटरी घेऊन घराबाहेर पडली. एकटी. कमरेला पक्कड खोचलेली, पदराच्या टोकाला तारेचे चार तुकडे बांधलेले. वरल्या वाडीला निघाली होती, साळू नणंदेकडं. कशाला? तर कोंबड्यांच्या जाळीचा उरलेला तुकडा आणायला.

हसू नका. जाळीच्या तुकड्यासाठी बाई अंधारात निघते, तेव्हा तिच्या जिवाला काहीतरी लागलेलं असतं.

ठकूची पोरगी वैजू. नर्सिंग शिकायला शहरात गेली. जाताना दोन ससे आईच्या ओटीत टाकून गेली. काळा गोटू आणि पांढरी कापशी. म्हणाली, आई, मी येईपर्यंत यांना जप. ठकूनं हो म्हटलं. आणि आठ दिवसांत गोटूला कुत्र्यानं नेलं. पोरीला फोनवर सांगायचं धाडस हिला झालं नाही. जी ठकू सरपंचाला तोंडावर बोलते, ती पोरीला सांगायला घाबरली. आता उरली कापशी. तीही गाभण. त्या दिवशी दुपारपासून तिनं पोटाचे केस उपटून गवतात घालायला सुरुवात केली होती. म्हणजे रातीत पिल्लं. डालग्याखाली कोंडावी तर घाबरून स्वतःचीच पिल्लं खायची. मोकळी ठेवावी तर कुत्री टपलेलीच.

म्हणून तर ठकूनं सकाळपासूनच घरामागं कुंपण घालायला घेतलं होतं. सहा हात लांब, चार हात रुंद. चार कोपऱ्यांना चार मेढी. जाळी वरून ताणून बांधायची, मग खालून वीतभर मातीत गाडायची. का? तर ससा उकरून बाहेर जातो आणि कुत्रं उकरून आत येतं. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला जाळी संपली.

नवरा दगडूभाऊ खाटेवर. पायाला प्लास्टर, तीन आठवडे उठलेला नाही. तो म्हणाला, सकाळी आणू की. ठकू म्हणाली, कुत्र्याला सांगा सकाळी ये म्हणून. आणि निघाली.

वरल्या वाडीची जवळची वाट ओढ्याच्या कडेनं जाते. जुन्या कोंडवाड्यावरून.

आता हे नीट ऐका. कोंडवाडा म्हणजे पूर्वी मोकाट जनावरं कोंडायची जागा. तिथं भिवा रखवालदार होता. मोठा चोख माणूस. एकदा पावसात बैलांनी एक बाजू मोडली. बाहेरून धरायला कुणी नव्हतं, म्हणून भिवा आत शिरला आणि आतूनच बाजू बांधत बसला. बांधून झाली, पण तो आतच राहिला. सकाळी बघतात तर जनावरांनी तुडवून मारलेला. पण एकही वासरू बाहेर गेलं नव्हतं. तेव्हापासून गावाची रीत आहे. तिथली मेढ काढायची नाही. काढलीच, तर त्याच भोकात दुसरी काठी रोवून यायचं. बाजू उघडी ठेवायची नाही.

आणि ठकूच्या चार मेढी कुठल्या होत्या? तिथल्याच. सकाळीच उपटून आणल्या होत्या. काठी रोवली का? नाही. म्हणाली, मेलेला माणूस कुणाची गुरं राखणार आहे.

तर जाताना काही झालं नाही. साळूनं जाळी दिली, चहा दिला, राहा म्हणाली. ठकू राहिली नाही. जाळीची गुंडाळी काखेत मारून माघारी फिरली. कोंडवाडा डावीकडं टाकला, उंबर ओलांडला, पुढं चालली. चालली, चालली. आणि डावीकडं पुन्हा कोंडवाडा.

ठकूला वाटलं, घाईत चुकलं. पाय उचलला. उंबर. दगड. बांध. डावीकडं कोंडवाडा. तिसऱ्यांदा!

 स्वतःसाठी भ्यावं हे तिला सुचलंच नाही. तिकडं कापशी उघड्यावर पडली असेल, एवढंच डोक्यात. तेवढ्यात बॅटरीच्या उजेडात पुढं काहीतरी पांढरं बसलेलं दिसलं. कान उभे. कापशी! सुटून इथवर आली? ठकू वाकली, हाक मारली. ती दोन उड्या पुढं. ठकू मागं. पुन्हा दोन उड्या. ठकू मागं. वाट कुठं सुटली ते कळलं नाही तिला. काटे लागले, कळले नाहीत.

आणि समोर तिचंच घर! मागची भिंत, खिडकीत दिवा, आणि तिचंच कुंपण. तीन बाजू बांधलेल्या, चौथी उघडी. कापशी त्या फटीतून आत गेली आणि कोपऱ्यात बसली.

ठकूचा जीव भांड्यात पडला. तिनं गुंडाळी सोडली. अंधारातून दगडूभाऊचा आवाज आला.

"आलीस? मी बाहेरून धरतो. तू आतून बांध."

असं कुणी बांधतं का? कुंपणाची गाठ बाहेरून मारतात, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण ठकू दमलेली. नवरा मदतीला आला यातच बाई खूश. शिरली आत. डावीकडची वरची गाठ मारली, पक्कडीनं पिळली. डावीकडची खालची. मग उजवीकडची वरची. बाहेरून जाळी ताणून धरलेली, अगदी घट्ट. राहिली उजवीकडची खालची.

तिथं बसायचं म्हणून ठकूनं जमिनीवर हात टेकला. आणि हात तसाच राहिला.

जमीन स्वच्छ होती.

अहो, ससा पाळलाय का कुणी? दिवसभर लेंड्या! पसा पसा लेंड्या! ठकू सकाळ-संध्याकाळ झाडत होती. आणि इथं एक लेंडी नाही. कोपऱ्यात ससा बसलाय आणि त्याच्याखाली एक लेंडी नाही?

मग तिला दुसरं आठवलं. दगडूभाऊ तीन आठवडे खाटेवरून उठलेला नाही. मग जाळी कोण धरतंय?

तिनं कोपऱ्याकडं बघितलं. पांढरं काही नव्हतं. दिवा नव्हता. घर नव्हतं. चहूबाजूंनी जुन्या मेढी, आणि गुरांचा वास. ओला, उबदार वास, जशी ती आत्ता श्वास घेताहेत.

"शेवटची गाठ राहिली, बाई," आवाज म्हणाला. आता तो दगडूभाऊचा नव्हता. रागातही नव्हता. दमलेला होता. "चार मेढी गेल्या माझ्या. ही बाजू लाव. माझं जनावर बाहेर जाईल."

 तरी बोलली ती. ठकूच ती.

"मी तुझं जनावर नाही, भिवा. माझं जनावर घरी व्यायला बसलंय."

आणि पालथी पडली. न बांधलेला कोपरा उचलला आणि सशासारखी खालून सरपटत निघाली. जाळी अजून गाडायची होती, म्हणून वाचली बरं का. मागून लुगडं ओढलं गेलं. तिनं हिसका दिला, टर्रकन काठ फाटला. मग जी पळाली, ती घराच्या अंगणात येऊनच पडली.

जाळी नाही. फट तशीच. गवतात खरी कापशी पाय आपटत होती, आणि खाली, हो, लेंड्या! ठकूनं दगडूभाऊची काठी घेतली आणि त्या उघड्या बाजूला स्वतः आडवी बसली. रातभर. कुत्री दोनदा आली, दोनदा मार खाऊन गेली. पहाटे सात पिल्लं झाली. मग तिनं वैजूला फोन लावला. आधी गोटूचं सांगितलं, रडली, मग पिल्लांचं सांगितलं.

उजाडल्यावर चार माणसं घेऊन ती कोंडवाड्यावर गेली. जाळी तिथंच होती, मोकळ्या बाजूला ताणून बांधलेली. तीन गाठी तारेच्या, तिनं मारलेल्या. चौथीची तार अजून तिच्या पदराला होती. पण चौथी गाठही होती. लुगड्याच्या फाटक्या काठाची. आतून मारलेली.

ती जाळी कुणी सोडली नाही. आजही आहे.

तेव्हा सांगून ठेवते. दिवेलागणीनंतर त्या ओढ्याच्या वाटेनं जायचं नाही. लांबून या, पाय मोडू देत. आणि घरच्या आवाजात कुणी म्हणालं, तू आत जा, मी बाहेरून धरतो, तर आधी खाली हात लावून बघा.

उठा आता. खुराड्याची कडी लावली का कुणी? जा, बघून या. बाहेरून लावा.