भरल्या भात्याचा तोल

माझं माहेर कऱ्हाडचं. वडील बाजारपेठेत तराजू दुरुस्त करायचे, दांडी सरळ करायची, काटा घासायचा, मग रिकामी पारडी लोंबती सोडून बघायचं, एक बाजू झुकली की दुसरीकडं चिमूटभर शिसं, त्याला पासंग म्हणतात. लग्नापर्यंत मी हेच बघत आले बघा.

मग लग्न झालं, अमेरिकेत अल्फारेटाला आले, आमचे हे कम्प्युटरवाले, आणि ग्रीन कार्ड आल्यावर मला जॉब मिळाला कुठं, काय सांगू तुम्हाला, शिकारीच्या सामानाच्या दुकानात! मी अंडंसुद्धा खात नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुला दुसरं काही मिळालं नाही का गं. पण मालक अर्ल, साठी उलटलेले, फार जिव्हाळ्याचा माणूस. त्यांना मी काका म्हणजे काय ते सांगितलं, तेव्हापासून फोनवरसुद्धा स्वतःला अर्लकाका म्हणवून घ्यायचे. माझा हात हलका आहे म्हणून त्यांनीच मला धनुष्यांच्या काउंटरवर घेतलं, सगळं शिकवलं.

तर त्यांच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि धनुष्य धरलं की वरचं टोक उजवीकडं कलायला लागलं, बाणही उजवीकडं. ते म्हणाले, नेम चुकला तर हरीण जखमी होऊन दिवसभर तडफडत फिरतं, तसं मी आयुष्यात होऊ दिलेलं नाही, या शिकारीच्या सीझनला नेम बसला नाही तर धनुष्य कायमचं ठेवून देतो. असं बोलताना त्यांचा चेहरा मला बघवेना.

मी म्हटलं, तोल मी साधते. वडिलांची रीत अंगात मुरलेली, पहिल्यांदा सगळं रिकामं करायचं, म्हणून धनुष्यालाच उजव्या बाजूनं लावलेला बाणांचा भाता काढून ठेवला, डावीकडं छोटी दांडी लावून तिला पितळी वजन अडकवलं. दुकानातल्या निशाण्यावर तीन बाण एका जागी बसले, मी खूश. दुसऱ्या दिवशी ते सरावाच्या मैदानात गेले, भरला भाता लावून, आणि सगळे बाण वीतभर उजवीकडं. त्यांनी धनुष्य पेटीत ठेवून दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी वडिलांना फोन केला. सगळं ऐकून हसायला लागले. म्हणाले, अगं पोरी, भाता म्हणजे पारड्यातला माल नव्हे, त्या पारड्याच्या साखळ्या आहेत, कायम लागलेल्याच, साखळ्या काढून मी कधी तराजू बघितलाय का?

सोमवारी भाता भरला, म्हटलं, काका, डोळे मिटून धरा, आता उघडा, बघू कुठं कलतंय. डावीकडच्या दांडीवर पितळी वजनाची एकेक चकती वाढवत गेले. मग मैदानात पाच बाण असे बसले की पिसांना पिसं घासली. अर्लकाकांनी बाण उपसून परत भात्यात लावले आणि म्हणाले, टेल युअर फादर, आय ॲम गोइंग हंटिंग.

आता वडील थकलेत, अर्लकाकाही. पण दर सप्टेंबरला धनुष्य माझ्याकडंच येतं. शिकार झाली का ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. सीझनच्या आदल्या दिवशी देवापुढं दिवा लावते, म्हणते, काकांचा हात स्थिर राहू दे. मग जरा थांबते आणि म्हणते, हरणांनाही सुखात ठेव. दोन्ही कसं जमवायचं ते त्याचं तो बघेल.