शंभर टक्के झाडपाला

(काशीदजवळच्या सरकारी दवाखान्यातली खाट. समुद्रावर शहाळी विकणारा मोरू सलाइन लावून पडलाय. उशाशी बायको मैना, समोर डॉक्टर मृणाल.)

मृणाल : काका, पुन्हा विचारते. काय घेत होतात?

मोरू : काय न्हाय. चा घेतो.

मृणाल : औषध म्हणतेय मी.

मोरू : न्हाय वो. उन्हात हुबा व्हतो, चक्कर आली. बस.

मृणाल : उन्हानं चक्कर येते, चेहरा असा भरत नाही. मावशी, यांचं तोंड पहिल्यापासून एवढं गोल आहे?

मैना : न्हाय! आयुष्यभर गालफडं बसलेली. औंदाच भरली. शेजारीण म्हनली, मोरूभाऊ बाळसं धरतोय. मला तवाच खटकलं.

मोरू : मैने, गप.

मैना : गपच व्हते. म्हनून तर हितं आलो.

मृणाल : सांगा मावशी.

मैना : आधी तुमी सांगा. तुमी खऱ्या डाक्टर ना?

मृणाल : म्हणजे?

मैना : मोबाइलवरबी एक बाई येते. असाच पांढरा कोट, गळ्यात असंच नळकांडं. म्हनते, गुडघेदुखीवर शंभर टक्के झाडपाला, साइड इफेक्ट शून्य. मग एक म्हातारा काठी फेकतो नि पळत सुटतो. हे दिसभर तेच बघायचे. रिक्षाबी फिरली गावात, भोंगा लावून.

मृणाल : मी काही विकत नाही, मावशी. ते औषध आहे जवळ?

मैना : पिशवीत हाय. ही डबी.

मोरू : तू डबी आनलीस?

मृणाल : कुणी बनवलं ते लिहिलेलं नाही. आत काय आहे तेही नाही. नुसतं उड्या मारणाऱ्या हरणाचं चित्र. काका, या कॅप्सूल घेतल्यावर दुखणं किती लवकर थांबलं?

मोरू : लगेच. खोटं कशाला बोलू? पायरी चढताना डोळ्यांत पानी यायचं, बाई. ह्या घेतल्या नि मी माडावर चढलो. ह्या वयात! टुरिस्ट लोकांनी फोटो काढलं. मंग वाईट कसं म्हनू?

मृणाल : झाडपाला इतक्या झटपट माडावर चढवत नाही. यात गुपचूप स्टेरॉइड घातलं असावं, असा मला संशय आहे. ते दुखणं दाबतं, पण तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. तपासायला पाठवू. तरी एक जुळत नाही. हे पोटात जात असताना प्रेशर असं खाली येत नाही. मधे बंद केल्यात का?

मोरू : न्हाय! उलट गुडघं परत ठनकाया लागलं, म्हनून दोन-दोन घेत व्हतो.

मृणाल : दोन-दोन घेऊन कोसळलात? कसं शक्य आहे?

मैना : त्यांत पीठ व्हतं.

मोरू : काय?

मैना : तांदळाचं पीठ. मला त्या डबीचा भरवसा वाटंना, नि तुमी ऐकंना. तुमी समुद्रावर गेलात की एकेक उघडायची, आतलं मोरीत वतायचं नि पीठ भरायचं. म्हनलं, सुटंल मानूस. डाक्टर, मीच पाडलं का यांना?

मृणाल : ऐका. तुमची शंका बरोबर होती. पण स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. एकदम तोडलं की माणूस कोसळतो. हळूहळू कमी करावं लागतं. आत्ता सलाइनमधून दिलंय तेही त्याच जातीचं औषध आहे.

मैना : तेच? परत?

मृणाल : तेच. पण नाव सांगून, माप ठरवून आणि त्रास काय होऊ शकतो तेही सांगून. ही त्याची बाटली. वाचता येईल तुम्हाला.

मैना : इंग्रजी हाय. तुमी वाचा. मोठ्यानं.

मृणाल : वाचते, सगळं वाचते. आधी हे सांगा, डबी विकली कुणी? गावात अजून कुणीकुणी घेत असतील. औषध प्रशासनाला कळवायला हवं.

मोरू : रेवदंड्याच्या बाजारात घेतली. मानूस ध्यानात न्हाय.

मैना : खोटं. तवा तुमास्नी दारातनं रस्त्यापावेतो चालवत नव्हतं. बाजार कुठला? कोनाला वाचवताय?

मोरू : तुला.

मैना : मला?

मोरू : हरेश्वरनं आनून दिली. म्हनला, दाजी, ताईला सांगू नका, ती हजार शंका काढील.

मृणाल : हरेश्वर कोण?

मैना : माझा पाठचा भाऊ. किराणा दुकान हाय त्याचं. अवो, आई त्याच्याकडंच ऱ्हाते. तिलाबी देतो का तो?

मोरू : देतो. बघितलंस न्हवं गनपतीत, कशी चालत आली?

मैना : मला वाटलं, बाप्पा पावला. लिवा, डाक्टर. त्याचं नाव लिवा.

मोरू : मैने, भाऊबीज तोंडावर आलीय.

मैना : जाईन की. ओवाळीन त्याला. तुमी लिवा, डाक्टर. नि आईचं कसं सोडवायचं ते सांगा मला. हळूहळू म्हंजे कसं, ते नीट सांगा.