शून्य टक्के गोपाळकृष्ण

...आणि वर मलाच विचारतात हो, "बद्रीनाथ, तो स्क्रीन तूच लावलास ना?" लावला! मीच लावला! सांगितलंत म्हणून लावला! टीव्ही तुमचा, भिंत तुमची, खिळा तुमचा, आणि नाव माझं? अहो, मी कोण? तुम्हाला सांगतो, हिंजवडीतल्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, रोज सकाळी वारज्याहून कंपनीच्या बसमध्ये बसतो, भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास उभा राहतो, बसमध्ये बसूनच हो, पण उभाच की तो, मग ऑफिसात जाऊन एका काळ्या पडद्यासमोर बसतो आणि बघतो. माझं काम फक्त बघायचं!

काय बघायचं? सांगतो. घाबरू नका, मी बी. कॉम. आहे, मला समजलं तर तुम्हाला समजेलच. आमच्याकडे एक मोठं मशीन आहे. त्यावर अकरा टीमचे प्रोग्रॅम चालतात. एकेका टीमचे पंचवीस-तीस प्रोग्रॅम. आता ते सगळे सुटे सुटे बघत बसलो तर डोळे जातील, म्हणून प्रत्येक टीमच्या प्रोग्रॅमांचा एकेक गट करून ठेवलाय. आणि एक आज्ञा आहे, सीजीटॉप म्हणून. ती टाइप करायची, एंटर मारायचा, की यादी येते : हा गट, त्याने प्रोसेसर इतके टक्के खाल्ला, मेमरी इतकी खाल्ली, डिस्कवर इतकी ये-जा केली. सर्वांत जास्त खाणारा सर्वांत वर. दर सेकंदाला यादी हलते, कोण वर जातो, कोण खाली येतो. झालं! एवढंच! चाळीत नळावर कोण किती बादल्या भरतं ते गॅलरीतून बघावं, तसं. कुणी फार भरायला लागला की खाली जाऊन सांगायचं, अहो, जरा दुसऱ्यांनाही मिळू द्या.

म्हणजे वरचा तो वाईट. हे लक्षात ठेवा हं, कारण आमच्या साहेबांच्या ते शेवटपर्यंत लक्षात आलं नाही.

साहेब म्हणजे अनिरुद्ध साहेब. वय वर्षं छत्तीस. सतरा सालच्या उन्हाळ्यात आले, आणि तेव्हा हिंजवडीत कपातीची हवाच अशी होती की कुणाचं कार्ड सकाळी दाराला लागेल आणि कुणाचं लागणार नाही, सांगता येत नव्हतं. मशीन नवं घ्यायचं का, एवढंच विचारायला ते माझ्या टेबलाशी आले. मी यादी दाखवली. पहिलाच गट शंभूचा. शंभू म्हणजे सत्तावीस वर्षांचा टीम लीडर, पोरगा चांगला आहे, पण प्रोग्रॅम असा लिहितो की बास. त्याच्या गटापुढे आकडा होता तीनशे चाळीस टक्के. आता मशीनला प्रोसेसर असतात अनेक, एकाचे शंभर, म्हणजे हा पठ्ठ्या जवळजवळ साडेतीन प्रोसेसर एकटा अडवून बसला होता! मी म्हणणार होतो, "सर, हे बघा ही उधळपट्टी," तर साहेबांचे डोळे पाणावले हो!

"थ्री फॉर्टी? बद्री, आपण लोकांना म्हणतो, हंड्रेड पर्सेंट द्या. आणि हा मुलगा थ्री फॉर्टी देतोय?"

मी म्हटलं, "सर, तो देत नाहीये, तो घेतोय."

"डोन्ट बी निगेटिव्ह, बद्री."

खरं सांगू का, शंभूचा प्रोग्रॅम करत काय होता? एक फाइल यायची होती, तिची वाट बघत होता. पण वाट बघायची रीत काय? सेकंदाला लाखभर वेळा विचारायचं : आली का? आली का? आली का? आणि ती फाइल यायची आठवड्यातून एकदा! बाकी सहा दिवस हा माणूस दारात उभा राहून नुसता ओरडतोय, आणि साहेब म्हणतात, काय निष्ठा!

मग त्यांनी यादी खालपर्यंत नेली. अगदी तळाला, अकरावा गट. टक्के : शून्य.

"हे कोण?"

हे गोपाळकृष्ण. नारायण पेठेतले. वय चोपन्न. तीस वर्षं प्रोग्रॅम लिहितायत. त्यांच्या टीममध्ये पूर्वी चौघे होते, आता एकटेच, कारण चौघांचं काम त्यांनी इतकं नीट लावलं की तिघांना करायला काही उरलंच नाही. त्यांचा प्रोग्रॅम सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उठतो, अकरा सेकंदांत साऱ्या कंपनीचा हिशेब... हिशेब म्हणजे कुठल्या गिऱ्हाइकाचं कुठलं काम कुठवर आलं ती सगळी जुळणी करतो, आणि झोपतो. झोपतो म्हणजे झोपतो! शून्य! माणूसही तसाच. मीटिंग संपली की सगळे निघून जातात, हे मागे राहून दिवे बंद करतात. चहा घेतील तर म्हणतील, "अर्धाच द्या, उरलेला टाकावा लागतो." आठ वर्षं मी यादी बघतोय, ह्या गटाबद्दल मला एकदाही खाली जाऊन सांगावं लागलं नाही.

हे सगळं मी साहेबांना सांगायला तोंड उघडलं. आईशप्पथ उघडलं! म्हटलं, "सर, ही आज्ञा आहे ना, ती एकदाच चालवली तर टक्क्यांच्या जागी आडवी रेघ दाखवते. आकडा देतच नाही. दोनदा बघावं लागतं, आणि मधला फरक म्हणजे वापर. एका नजरेत कुणाबद्दल काही समजत नाही, हे तिलासुद्धा माहीत आहे..." तर साहेब म्हणाले, "टेक्निकल डीटेल्स नकोत, बद्री. हे टीव्हीवर लाव. पँट्रीसमोर. सगळ्यांना दिसू दे. वरचे पाच हिरवे, खालचे तीन लाल."

मी म्हटलं, "उलटं ना सर? वरचे लाल."

"बद्री," अगदी हळू आवाजात हं, हसत, "बाय द वे, ह्यात तुझा गट कुठला?"

माझा गट! मी बघतो त्याचाही एक गट आहे हो. शून्य पूर्णांक दोन टक्के. बघायला लागतं किती? मी तो तेव्हा यादीतून गाळून दाखवत होतो. वारज्यातल्या फ्लॅटचे नऊ वर्षांचे हप्ते बाकी, मुलगी दहावीत... मी म्हटलं, "लावतो, सर." आणि लावला. वरचे हिरवे, खालचे लाल. आपण काय, आपलं काम फक्त बघायचं!

सोमवारी टीव्ही लागला. मंगळवारी सकाळी अकराला काय दिसलं असेल? सगळे गट वर! जो तो वर! लोकांनी काय केलं माहितीये? रिकामी चक्रं लावली. एक ते शंभर कोटी मोजा, पुन्हा एकपासून मोजा. एका टीमने तर एकच रिपोर्ट चाळीस वेळा काढायचा आणि चाळीस वेळा पुसायचा असं लावलं, म्हणजे डिस्कचा आकडासुद्धा फुगतो! पँट्रीत वडापाव खात खात लोक टीव्हीकडे बघून ओरडतायत, "अरे, आपण चौथे! आपण चौथे!" निकाल लागल्यासारखं वातावरण. बुधवारी मशीन असं बसलं की मेल उघडायला सात मिनिटं, जेवणाचं कूपन निघेना, कँटीनवाला बिचारा वहीवर सह्या घेतोय. आणि साहेब? साहेब वरच्यांना कळवतायत, "एका आठवड्यात वापर चौपट वाढला!"

आणि अकरावा गट? शून्य. लाल.

घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं. दीपमाला शाळेत शिकवते, वर्गात एकदा सांगून कळतं अशीच पोरं तिला आवडतात. ती भाजी निवडत म्हणाली, "म्हणजे त्या गृहस्थांना काढणार?"

"शुक्रवारी यादी जाणार आहे, खालच्या तीन गटांची."

"यादी कोण देणार?"

"मी."

"मग तुम्ही काय करणार आहात?"

मी म्हटलं, "बघतो."

असं बघितलं हो तिने माझ्याकडे! आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

म्हणून गुरुवारी मी एक उद्योग केला. कुणाला बोलू नका. मशीनची किल्ली माझ्याकडे, सगळे गट मला उघडे. मी गुपचूप गोपाळकृष्णांच्या गटात एक रिकामं चक्र सोडून दिलं. एक ते शंभर कोटी. पाच मिनिटांत टीव्हीवर अकरावा गट सातवा! पाचवा! तिसरा! हिरवागार! मला असं वाटलं, सांगतो तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा मी बघण्यापलीकडे काही केलं. दोन समोसे मागवले.

समोसे यायच्या आत गोपाळकृष्ण टेबलाशी हजर.

"बद्रीनाथ, आमच्या गटात कोणीतरी शिरलं होतं."

"हो का? असू दे हो, सर."

"असू दे कसं? नुसतं फिरत होतं. कामधाम काही नाही. मी बंद केलं."

वळून बघतो तर टीव्हीवर शून्य! मी आवाज खाली आणून म्हटलं, "सर, चालू द्या हो दोन दिवस. उद्या यादी जाणार आहे. तुमच्याच भल्याचं होतं ते." तेव्हा त्यांना कळलं. चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

"आपण लावलंत?"

"हो."

"तीस वर्षांत मी मशीनला विनाकारण एक फेरी मारायला लावली नाही. आता जाता जाता लावू?"

म्हणजे त्यांना माहीत होतं! सगळं माहीत होतं! मी म्हटलं, "मग तुम्ही साहेबांना जाऊन समजावून तरी सांगा." तर म्हणाले, "त्यांनी विचारलं तर सांगेन. त्यांनी अजून विचारलेलं नाही." आणि गेले. जाताना माझ्या टेबलावरचा दिवा बंद करून गेले, भर दुपारी चालू होता म्हणून! आता अशा माणसाला वाचवायचं कसं? तुम्ही सांगा ना, कसं?

शुक्रवारी चारला यादी गेली. कुणी पाठवली? मी. बोट माझं, एंटर माझा. साहेबांच्या केबिनपर्यंत उठून तीन वेळा गेलो, तीन वेळा पाण्याची बाटली भरून परत आलो. घाबरलो हो. दुसरं काय? माझा शून्य पूर्णांक दोन कुणाला आठवू नये, एवढीच देवाला विनवणी. आणि मनात म्हणतोय, माझं काम फक्त बघायचं.

सोमवारी एचआरच्या नम्रता मॅडमनी बोलावलं. गोपाळकृष्णांना आणि मलाही. म्हटलं, संपलं! तर मॅडम म्हणाल्या, "गोपाळकृष्ण सरांचा आज लास्ट डे. त्यांचं काम तुम्ही घ्यायचं, बद्रीनाथ. पॉलिसीप्रमाणे चार तास केटी." केटी म्हणजे जाणाऱ्याने राहणाऱ्याला काम समजावून सांगायचं. मीटिंग रूममध्ये दोघांनी बसायचं, दोघांची कार्डं दाराला लावायची, चार तास भरले की आपोआप नोंद होते, मग जाणाऱ्याला कामातून मोकळं केल्याचं पत्र मिळतं.

बसलो. त्यांनी दोन पानं पुढे ठेवली. अक्षर असं की छापावं. कुठलं काय, कधी चालतं, बिघडलं तर काय करायचं, सगळं. वीस मिनिटांत मला समजलं. मला! बी. कॉम.ला!

ते उठले. "झालं की. निघू मी?"

नम्रता मॅडम दारातून म्हणाल्या, "सॉरी सर, चार तास व्हायलाच लागतात. नाहीतर सिस्टिम पत्र काढत नाही."

"पण शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही."

"सर, प्लीज, फक्त बसा ना."

बसलो. तीन तास चाळीस मिनिटं. कामधाम काही नाही. ते खिडकीतून, मेट्रो होणार म्हणून रस्त्यावर नुसत्या मोजण्या करणाऱ्या माणसांकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतोय. दोन तासांनी मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, मी साहेबांशी बोलायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले, "हवं होतं."

बास! एवढंच! रागावले असते तर बरं झालं असतं हो, पाया तरी पडलो असतो. मग पुन्हा खिडकीकडे वळले. चार तास भरले, पत्र आलं, त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं, "येतो" म्हणाले आणि गेले. मी टेबलाशी येऊन बसलो तर साहेबांचा मेल येऊन पडलेला, सगळ्या कंपनीला, आम्हा दोघांच्या नावानिशी. मशीनने नोंद केली होती ना, खोलीत चार तास, एकदाही बाहेर नाही, एकदाही खंड नाही. साहेबांनी लिहिलं होतं : "ह्या महिन्यात पूर्ण शंभर टक्के काम भरलेले आपल्याकडचे दोघेच!"