रजेच्या अर्जातलं कारण

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील साहेब मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या रजा विभागाच्या बाई आणि समोर बसलेल्या माझ्या कारखान्यातल्या भावाबहिणींनो,

बाईंविषयी चार शब्द बोलायचा मान रंगकाम विभागातल्या एका कामगाराला दिलात, मी आभारी आहे. मी त्यांचा नवरा, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मी पीत होतो, हेही ठाऊक आहे. उगाच खाली बघू नका.

या बाईंनी तुम्हा सगळ्यांचे अर्ज डोळ्यांत तेल घालून तपासले. माझे मात्र त्या स्वतःच लिहायच्या. ताप, कंबर, कावीळ. आजार संपले तेव्हा त्यांनी अर्जात माझ्या आईला मारून टाकलं! रजा मंजूर झाली आणि अकरा वाजता आई कारखान्याच्या फाटकावर हजर. मी कामावर जातो म्हणून गणवेश घालून घरून निघालो होतो आणि गुत्त्यावर पोचलो होतो. ती बिचारी विसरलेला डबा घेऊन आली. पहारेकरीदादांची बोबडी वळली. पुढं वर्षभर आई सुनेला विचारायची, "अगं, मेलेल्या माणसाला चहा मिळेल का?"

हसा, हसा. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. बाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "खोटं मी लिहिलं. तापबिप काही नाही, तो पितो. मला हवी ती शिक्षा करा, पण यापुढं त्याचा अर्ज तोच लिहील."

घरी माझ्यापुढं कोरा अर्ज ठेवला आणि बाहेर पडल्या. कुठं? पोहायला शिकायला! चव्वेचाळिसाव्या वर्षी! मला वाटलं, रुसवा आहे, चार दिवसांत निवळेल. खाडे होऊन माझी नोकरी जायची वेळ आली, तरी त्यांनी पेन उचललं नाही. शेवटी मीच लिहिलं, "कारण: दारू. उपचारासाठी रजा मिळावी." शिक्का मारून म्हणाल्या, "अक्षर मात्र सुधारा."

मध्ये एकदा पाय घसरला. तेव्हाही अर्ज मीच लिहिला. त्यानंतर थेंबही न घेता आता नऊ वर्षं झाली, लोक मला शाबासकी देतात. पण खरी कमाल कुणाची? माझी पावलं ऐकून दचकणाऱ्या या बाई आज खोल पाण्यात पाठीवर पडून गाणं म्हणतात. दर शनिवारी कँटीनमागच्या खोलीत पिणाऱ्यांच्या बायकांना, आयांना घेऊन बसतात. पहिला प्रश्न, "तू जेवलीस का?" मी सुधारलो नसतो, तरी त्या सावरल्याच असत्या. हे समजायला मला फार वर्षं लागली. मला त्यांचा अभिमान वाटतो.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं मोठ्या मनानं पोटात घालावं. घरातल्या चुकांची माफी मात्र सभेकडे मागून भागायचं नाही. ती मी तुझ्याकडे मागतो, इतक्या माणसांसमोर, पहिल्यांदाच. लोक टाळ्या वाजवतील; त्यांच्या भिडेखातर हो म्हणू नकोस. नाही म्हणालीस, तरी मी घरी येईन, भांडी घाशीन आणि उद्या पुन्हा विचारीन.

सर्वांचे आभार.