मुक्यानं आणलेली गुळवेल

धानोऱ्याच्या बसथांब्यावर लटारू सकाळपासून मुका बसला होता. तापानं पडलेल्या बायकोसाठी तोडलेली गुळवेल त्याच्या दुपट्ट्यात होती. काढा आजाऱ्याच्या पोटात जाईपर्यंत आणणारा बोलला, तर वेलीचा गुण जातो. शेजारी दोन बाया बोलत होत्या.

"पारबते, लेकीले गुळवेल नाई पाजली का?"

"आणली होती ना, मुक्यानंच. पोरगी खाटेवरून 'माय, माय' करे. मी ओ देल्ली नाई."

"मंग?"

"काढा घेऊन खाटेपाशी गेली. पोरगी थंडी पडली होती. काढा तसाच राह्यला."

"अवं माय!"

"मंग बोलली मी तिच्याशी. लय बोलली."

थोड्या वेळानं पारबता लटारूकडं वळली.

"भाऊ, रांगीची गाडी गेली का?"

त्यानं दुपट्टा पोटाशी धरला.

"नाई गेली, बाई."