काळं-पांढरं तर आहे, त्यात काय!

देवी! देवी आल्या म्हणाल्या हो! मी इतक्या हौसेनं प्रिंट काढून, पुठ्ठ्यावर चिकटवून, वर बटर पेपर लावून नेला, आणि राजसबाई काय करतात, तर चष्मा कपाळावरून नाकावर घेतात, फोटो जवळ धरतात, लांब धरतात आणि म्हणतात, "रत्नाकरा, यांस देवी कधीं आल्या रे? गाल पाहा की यांचा. अय्यो, पोंगलांत मिरें टाकल्यासारखा!"

तुम्हाला सांगतो, फोटोच्या बाबतीत मला शिकवील असा माणूस निदान वेस्ट मांबलममध्ये तरी नाही. मी मूळचा सांगलीचा. बँकेनं बदली करून मद्रासला धाडला आणि परत बोलवायला विसरली, मग मीही इथेच रिटायर झालो आणि घरात प्रिंटर आणला. राजसबाई आमच्या समोरच्या फ्लॅटातल्या. तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की वाटतं, आपण बोलतो ते नक्की काय आहे! त्यांचे यजमान अमरसिंह, एग्मोर स्टेशनात जन्मभर नोकरी केलेले, गेल्या वर्षी गेले. वर्षश्राद्ध तोंडावर आलं, फोटो हवा. आणि बाईंना हवा तो नेमका एकच... लग्नाआधी मुलीकडे दाखवायला पाठवलेला! ओल लागून पापुद्रे सुटलेला!

"ह्यांत ते हसत नाहींत," राजसबाई म्हणाल्या, "पण हसायच्या बेतांत आहेत. तें पाहूनच मी हो म्हटलें. तेवढें दिसूं दे रे बाबा."

आणि त्यांचा मुलगा उदयसिंह मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "अंकल, ब्लॅक अँड व्हाइट दाने? त्यात काय!" दाने म्हणजे तमिळमधलं आपलं 'ना'.

काळं-पांढरं तर आहे, त्यात काय! अहो, या एका वाक्यानं माझं रक्त किती आटलंय! प्रिंटरकडे काळी शाई असते एकच, गडद काळी. पांढरा म्हणजे कागद. आणि माणसाचा गाल? तो काळा असतो का? पांढरा असतो का? तो असतो मधला, राखाडी! तो राखाडी आणायचा कुठून? तर प्रिंटर काय करतो, काळे ठिपके लांब लांब शिंपडतो आणि म्हणतो, समजून घ्या. लांबून समजून घेतो हो माणूस, पण राजसबाई नवऱ्याला लांबून कशाला बघतील? आणि त्यांचं ते हसायच्या बेतात असणं कुठे होतं, तर ओठात नाही, गालावरच्या एवढ्याशा सावलीत! तिथेच नेमके मिरे!

पण मी हरणारा नव्हे. म्हटलं, थांबा! प्रिंटरला सांगितलं, बाबा रे, सगळ्या रंगांच्या शाया वापर, मिसळ, काय हवं ते कर, पण गाल मऊ आण. आणला हो! लोण्यासारखा आला! आमच्या ट्यूबलाइटखाली असा राखाडी दिसला की मीच माझी पाठ थोपटली. ऐटीत समोर नेला. राजसबाई बाल्कनीत उन्हात बसलेल्या. फोटो उन्हात धरला आणि... हिरवा! माणूस हिरवा! "रत्नाकरा, शेवाळ धरलें की रे यांनी!" घाईघाईनं त्यांच्या स्वयंपाकघरात नेला, तिथे पिवळा दिवा, तर अमरसिंह जांभळे! एक माणूस, तीन खोल्या, तीन रंग! तो उदयसिंह पुन्हा तेच, "ब्लॅक अँड व्हाइट दाने, अंकल?" होय रे बाळा, काळं-पांढरंच, त्यात काय!

घरी येऊन कपाळाला हात लावून बसलो. वरच्या मजल्यावरचे गुरुमूर्ती कॉफीला आलेले. हा माणूस कॉफीला येत नाही असा दिवस नाही. आमची विमला फिल्टरमधून डिकॉक्शन ओतत म्हणाली, "यांना स्ट्राँग, गुरुमूर्तींना लाइट, मला अगदीच लाइट." डिकॉक्शन एकच! काळं एकच! पातळ किती करायचं, एवढाच प्रश्न! मी असा उडालो की गुरुमूर्तींचा डबरा, म्हणजे इथली कॉफीची वाटी, हिंदकळला. अहो, राखाडीसाठी निळा-पिवळा-लाल कशाला कालवायचा? काळाच पातळ करायचा! स्ट्राँग काळा, मिडियम काळा, लाइट काळा, अगदीच लाइट काळा!

मग काय! शाई पातळ करायचं बिनरंगी पाणी मिळतं, ते मागवलं. जुना प्रिंटर माळ्यावरून काढला, त्याच्या रंगांच्या टाक्या धुतल्या आणि जिथे निळी शाई तिथे मिडियम, जिथे लाल तिथे लाइट, सगळं सिरिंजनं भरलं. कंप्यूटरला समजावलं, की तू निळा माग नाहीतर लाल माग, मिळणार राखाडीच, सरकारी कँटीनसारखं. शाई कालवायला भांडी कुठली? विमलाचे स्टीलचे डबरे! आणि गुरुमूर्तींनी सवयीनं एक उचलला, ओठापर्यंत नेला, "रत्नाकर सार, शुगर पोट्टाच्चा?" साखर घातली का म्हणून विचारतात! मी किंचाळलो, "खाली ठेवा, तो अमरसिंहांचा गाल आहे!" विमला त्या दिवसापासून त्या डबऱ्यांत मलाच कॉफी देते.

पण प्रिंट आला, काय सांगू तुम्हाला! ठिपका नाही, शेवाळ नाही, जांभळं नाही. ट्यूबखाली राखाडी, उन्हात राखाडी, पिवळ्या दिव्याखाली राखाडी. धुक्यातून माणूस चालत यावा तसा कपाळापासून हनुवटीपर्यंत उजेड उतरलेला, आणि गालावर ती सावली.

राजसबाईंनी हातात घेतला. जवळ धरला नाही, लांब धरला नाही. बोट गालावर ठेवलं. अगदी हळू म्हणाल्या, "हां. आतां हसतील पाहा."

वर्षश्राद्धाला मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. म्हटलं, आज सगळे विचारणार, कुणी काढला, कसा काढला. आत जातो तर काय... कपाळाला चंदनाचा हा एवढा टिळा, त्यावर कुंकू, मोगऱ्याचा हार असा जाड की दोन्ही गाल गायब, नाक आणि डोळे तेवढे बाहेर! आणि फ्रेमवर झीरोचा बल्ब. हिरवा! "अंकल, रेड फ्यूज झाला," उदयसिंह म्हणाला, "म्हणून ग्रीन लावला. सूपर दाने?"

अहो, ज्या हिरव्याशी मी इतका झगडलो, तो बटण दाबून आला! मी राजसबाईंकडे गेलो. म्हटलं, "अक्का, हार जरा खाली घेऊ का? ते हसणं झाकलं गेलंय."

"मींच झांकलें," त्या म्हणाल्या. "तें हसणें मजसाठीं धाडलें होतें रे. गांवास कशाला दाखवूं?"

तेवढ्यात गुरुमूर्ती जेवून हात पुसत आले, हिरव्या अमरसिंहांकडे बघून म्हणाले, "रत्नाकर सार, तुम्ही प्रिंट केला म्हणे. रोम्ब कष्टमा? फार कष्ट पडले?"

मी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा राजसबाईंकडे, आणि म्हटलं, "छे हो! काळं-पांढरं तर आहे... त्यात काय!"