माझा सोमवार आन् जत्रंचा तंबू

माझं म्हायेर आटपाडीच्या अंगाला. कोरडं रान, बाजरी आन् मटकी, चार शेरडं, आन् पाणी आणायचं म्हंजे सकाळ सगळी त्यातच जायाची. लगीन करून दिलं ते हिकडं कऱ्हाडच्या खाली, उसाच्या गावात. म्हायेरची माणसं म्हनली, पोरीच्या डोक्यावरची घागर उतरली, सुखाची झाली. पाणी हुतं, खोटं कशाला बोलू, पर नवरा कुटं हुता? आमचं मालक आधी मिलिटरीत डायव्हर, तिकडनं सुटलं ते कोयनेला, धरणाच्या कामावर लॉरीचं डायव्हर. घरला यायचं ते पाव्हण्यासारखं. मी सासूच्या हाताखाली. तू माझी गोष्ट वहीत लिवून घेतोस तर घे बाळा, पर सगळं लिव, निवडून-पाखडून लिवू नगं.

आमच्या गावच्या जत्रंला तमाशा यायचा. गडीमाणसं सगळी तंबूत आन् आमी बायका घरात. ढोलकी सुरू झाली की मी आन् माझी जाऊ परड्यात जाऊन भिताडाला टेकून हुबं ऱ्हायचो. नुसती ढोलकी ऐकू यायची, आन् घुंगरू, आन् मधनंच माणसं अशी हसायची की काय सांगू तुला. आमी बी हसायचो. कशाला हसतोय त्ये दोघींस्नी बी ठावं न्हाई. एकदा मी मालकास्नी म्हनलं, मला एकडाव तमाशा बगायचाय. तर असं बगाया लागलं, जसं काय मी दारूच मागितली. म्हनलं, आगं ती घाण हाय घाण, मी कवा त्या तंबूच्या सावलीला गेलो न्हाई, आन् तू जाणार? पर ढोलकी काय डोक्यातनं जाईना.

मग कोयनेचा भूकंप झाला. पहाटंचं आमच्या हितं बी भांडी फळीवरनं खाली आली, म्हस दावं तोडाया लागली. उजाडल्यावर कळलं की कोयनेला घरंच्या घरं बसली, माणसं गेली. सोमवार हुता त्यो. मी तुळशीम्होरं बसले ती उठलेच न्हाई. शंभूला म्हनलं, कुकू राखलंस तर जलमभर सोमवार धरीन, एक टाईम बी चुकायची न्हाई. सासू म्हनती घोटभर च्या घे, म्या म्हनलं न्हाई. निरोप काय लवकर आला न्हाई. आला तवा मी भितीला धरून चालत हुते. मालक जित्तं हुतं. नंतर घरला आलं, गावातली सगळी बगाया आली. त्येंनी सांगितलं, सायबानं राती अवचित शिमिटाच्या खेपंला कऱ्हाडला धाडलं म्हणून वाचलो, माझ्या खाटंवर तर भित पडल्याली. आमच्या गावात ही गोष्ट त्येंनी किती येळा सांगितली असंल! पोरं म्हनायची, आजा, भूकंपाचं सांगा. आन् ह्ये सांगायचं, आन् शेवटी माझ्याकडं हात करून म्हनायचं, हिचा सोमवार. मला बी बरं वाटायचं.

मग ह्येंची नोकरी सरली, पेन्शन झाली. आयुष्यभर दुसऱ्यास्नी फिरवलं, आता तुला फिरवतो म्हनलं. त्येंच्या मिलिटरीतल्या दोस्तानं लिलावातली जुनी जीप घेतल्याली, ती मागून आणली. दिवाळी झाली, हवा थंड पडली, रस्ते वाळलं, आन् आमी दोघं निघालो. मी भाकऱ्या बांधल्या, शेंगाची चटणी घेतली, म्हनलं, कुटं बी न्या, पर तमाशा दावा. ह्ये म्हनलं, बगू. त्येंचं बगू म्हंजे न्हाईच.

पयल्यांदा साताऱ्याला नेलं. किल्ल्यावर चढलो. काय बगायचं सांग? वर जिथं तिथं कोळशानं नावं लिवल्याली, आडोशाला माणसं मुतल्याली, नाकाला पदर लावूनच मी हिंडले. राजाची जागा ती, आन् लोकांनी तिची मुतारी केली. खानावळीत जेवलो तर आमटीत माशी. पोऱ्याला दावली तर बोटानं काढून म्हनतोय, घ्या मावशी. तिथनं कोयनेला. घाटात वळणं एवढी की मी दोन्ही हातांनी जीपचा दांडा धरून बसले. ह्येंनी मला ती जागा दावली, हितं माझी खोली हुती, हितं खाट हुती. मी तिथं नारळ फोडला. ऐकतोस न्हवं? नारळ फोडला, नाक घासलं त्या मातीवर. ह्ये शेजारी हात जोडून हुबं. आता आठवलं की अंगाची आग हुती.

मग सांगलीला आलो. ह्ये म्हनलं, तमाशा कशाला, हितं चांगल्या माणसांचं नाटक असतंय, गाण्याचं. मी बरं म्हनलं. तर नाटकातला त्यो राजा गाण्याची एकच वळ म्हनतोय, लोक ओरडत्यात पुन्यांदा, आन् त्यो पुन्यांदा म्हनतोय. शेजारच्या जाड्या सायबानं वहाणा काढून पाय म्होरच्या खुर्चीवर ठिवलं, त्यो वास, आन् सुपारी थुकायचा त्यो खुर्चीखालीच. चांगली माणसं म्हनं! मी झोपले. ह्येंनी कोपर मारून उठवलं, आगं घोरू नगं. मी म्हनलं, आवं मग ढोलकीचं दावा की.

शेवटी देवच म्हना. सांगलीहून आटपाडीकडं माझ्या म्हायेरला चाललो हुतो, वाटंत एका गावची जत्रा लागली. जत्रंच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असती, म्हंजे दिवसाउजेडी तमाशा. मी जीपच्या म्होरं जाऊन हुबीच ऱ्हायले. म्हनलं, रातच्याला बायकांनी जायाचं न्हाई म्हनता, आता तर ऊन पडलंय. न्या, न्हाईतर माझ्या अंगावरनं जीप घाला. ह्येंनी मिलिटरीपास्नंचा गळपट्टा काढला, एवढ्या उनात तोंडाला गुंडाळला, टोपी खाली वढली. मला वाटलं बायको संगट हाय म्हणून लाजत्यात.

आत गेलो. सगळी गडीमाणसं. मला बगून कुणी खाकारला, कुणी म्हनला, आजीबाई भजनाचा तंबू तिकडं हाय. बिड्यांचा धूर, दारूचा वास, म्होरचा एक तर लुगड्यावाल्या पोरींस्नी बगून तोंडानं असलं आवाज काढतोय की मला वकारी यायला लागली. त्या पोरी बिचाऱ्या हसून नाचत हुत्या. घाण तंबूत हुती बाळा, ती नाचायच्या फळीवर न्हवती, ती म्होरं बसल्याली हुती.

मग सोंगाड्या आला, म्हातारा हुता, आन् त्येच्या संगट मावशी, म्हंजे लुगडं नेसल्याला गडी. बोलता बोलता सोंगाड्या थांबला. कपाळावर हात धरून आमच्याकडं बगाया लागला. म्हनतोय, मावशे, त्यो गळपट्टा वळखलास का? मावशी म्हनतीया, न्हाई गं बाई, कुणाचं पाव्हणं? त्यो म्हनतोय, आगं आपलं कोयनेचं डायव्हरसायेब! आपला फड कुटं बी असू दे, लॉरी हुबी! भूकंपाच्या राती पयल्या रांगंत ह्येच हुतं, तंबू पडला तवा आपली समदी बायकापोरं लॉरीत घालून कऱ्हाडला पोचवली ती ह्येंनीच, आन् दोन दिस आपल्यापाशीच ऱ्हायलं. मावशी कंबरंवर हात ठिवून म्हनली, तरी म्हनलं माझी कंबर अजून का दुकतीया, मला बी ह्येंनीच उचलून टाकलीया! सगळा तंबू हसला. बग, आयुष्यभर भिताडाच्या पलीकडनं ज्या हसण्याला मी हसत हुते, त्ये हसणं आता माझ्या भवतीनं हुतं, आन् मला हसू येईना.

सोंगाड्यानं इचारलं, आन् शेजारी कोण सायेब? ह्येंनी टोपी आनिक खाली वढली. मी उठले. म्हनलं, मी त्येंची बायकू. त्या दोन दिसांत ह्येंच्यापायी अन्नपाणी सोडल्याली, तवापास्नं सोमवार धरणारी.

सोंगाड्यानं डोक्यावरची टोपी काढली. म्हनला, वैनी, म्होरं या. एक पोरगी येऊन माझ्या पाया पडली, तिनं फळीपाशी घोंगडं टाकून दिलं. मी बसले. सगळा खेळ बगितला, शेवटपतोर. लय ब्येस झाला. ढोलकीवाल्याची बोटं दिसायची न्हाईत, एवढी पळायची. ह्ये कवाच उठून जीपमंदी जाऊन बसल्यालं.

वाटंनं मला ह्येंची शिसारी आल्याली नुसती. तमाशाला गेलं म्हणून न्हवं. घाण हाय म्हनलं, आन् माझ्या उपाशी पोटावर एवढी वरसं गोष्ट सांगितली म्हणून. म्हायेरच्या येशीपाशी त्येंनी जीप थांबवली. म्हनलं, आगं पर त्या राती तमाशाला गेलो म्हणूनच तर वाचलो, शंभूनंच धाडलं असंल. मी म्हनलं, धाडलं असंल की. मग तुमी फेडा त्येचं उपकार. सोमवार आता तुमी धरायचा.

तवापास्नं ह्येच धरत्यात. आज सोमवारच हाय, बग ओट्यावर कसं बसल्यात, त्वांड एवढंसं झालंय. दिवस मावळला की भगर करून घालीन, काय उपाशी मारत न्हाई. मी सकाळीच भाकरी खाल्ली. जत्रंला आता आमी चार-पाच जणी जातो, म्होरं घोंगडं टाकून बसतो, आन् मालक घर राखत्यात. माझं एवढंच ऱ्हायल्यालं, ते झालं. तुझं बी लगीन ठरतंय म्हनं. सुखानं ऱ्हा, औक्षवंत हो. आन् जिथं एकला जाशील तिथं तिला बी न्हे. न्हाईतर निदान तिला घाण हाय म्हणून सांगू नगं.